चौदा मिनिटं सहा सेकंदांवरचं कपाट

आमचं कपाट दोनदा अडकलं. पहिल्यांदा जिन्याच्या दुसऱ्या वळणावर, दोन वर्षांपूर्वी. दुसऱ्यांदा आईच्या डबीत, ऑपरेशनला पाच दिवस उरले असताना. पहिल्या वेळी तीन माणसांनी खांदा लावला होता आणि सहा मिनिटांत कपाट सुटलं. दुसऱ्या वेळी सगळ्या घराण्यानं खांदा लावला, म्हणून पाच दिवस लागले.

डबी म्हणजे साबणाच्या वडीएवढा व्हिडिओ प्लेअर. वर काच, खाली पाच बटणं. असली वस्तू आता कुणी विकत नाही आणि कुणी घेत नाही. पण आईचा डावा डोळा गेलाय आणि उजवा चार बोटांपुरता उरला होता. चार बोटांच्या पलीकडे सगळं दूध सांडल्यासारखं. टीव्हीला नाक लावलं तर तिला एखाद्या माणसाचं कोपर दिसायचं, माणूस नाही. मोबाइल डोळ्याशी धरला की नाक काचेला लागायचं आणि व्हिडिओ बंद होऊन भलतंच उघडायचं. एकदा तिनं नाकानं माझ्या भावोजींना फोन लावला आणि भावोजी दहा मिनिटं तिच्या श्वासाशी बोलत राहिले. म्हणून डबी. बटणांना नाक कळत नाही.

गुरुवारी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. डॉक्टर म्हणाले होते, "दिसेल, किंवा नाही दिसणार." एवढं शिकून त्यांनी जे सांगितलं ते मी फुकट सांगितलं असतं. आईनं ऐकून घेतलं आणि शनिवारी मला म्हणाली, "गुरुवारच्या आत मला तो कपाटाचा व्हिडिओ दाखव. त्यात हे आहेत."

हे म्हणजे माझे वडील. आम्ही अण्णा म्हणायचो. कपाट चढवल्यानंतर चार महिन्यांनी ते झोपेतच गेले. कपाटाचा त्याच्याशी काही संबंध नाही, असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय. तो कागद आमच्या घरात कुणी वाचलेला नाही. सगळ्यांनी आपापल्या मनात केव्हाच ठरवून टाकलंय की अण्णांना कपाटानं मारलं, आणि कपाट दुसऱ्या कुणीतरी अडकवलं.

व्हिडिओ बावीस मिनिटांचा. आईनंच काढलेला, ताईच्या मोबाइलवर, तेव्हा तिला नीट दिसत होतं. कपाट आत्याचं, लाकडी, दोन दारांचं. तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर आत्याच्या घरी न्यायचं होतं. वर काका, खाली अण्णा, मधे भावोजी, आणि तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून वाकून आत्या.

मी त्यात नाही. मी त्याच जिन्याखाली माझ्या खोलीत होतो. दोन बाय तीन मीटरची ही खोली म्हणजे माझं दुकान. लोकांच्या बंद पडलेल्या वस्तू उघडतो, आणि एका यंत्रावरच्या फाइली दुसऱ्या यंत्रावर चालतील अशा करून देतो. कुठल्या कॉलेजात शिकलो नाही, म्हणून काका मला इंजिनियर म्हणतात. टोमणा आहे तो.

तर मी फाइल बदलून डबीत टाकली. डबीचा जीव लहान. तिला मोठं चित्र झेपत नाही, म्हणून चित्र लहान करायचं. सेकंदाला तीस फ्रेम झेपत नाहीत, म्हणून पंधरा करायच्या. दहा मिनिटांचं काम. फाइल छान चालली. कपाट तळमजला सोडून निघालं, पहिलं वळण पार केलं, दुसऱ्या वळणावर आलं, आणि चौदा मिनिटं सहा सेकंदांवर डबी थिजली. पुन्हा लावली, पुन्हा तिथेच. तीन वेगळ्या प्रकारांनी बदलली. तिन्ही वेळा चौदा मिनिटं सहा सेकंद.

रविवारी सगळे आईला भेटायला आले आणि मी तोंड उघडायची चूक केली.

"तिथे अडकणारच," काका म्हणाले. काकांनी गोदामात तीस वर्षं माल चढवून घेतलाय. अडकणं या विषयावर त्यांच्यापुढे कुणी बोलायचं नाही. "कपाट तिथेच अडकलं होतं. जिथे वस्तू अडकते तिथे व्हिडिओ अडकतो."

"काका, डबीला काय माहीत कपाट अडकलंय ते?"

"तुला माहीत होतं का? तू तर खाली बसला होतास."

मग मी दुसरी चूक केली. खरं सांगितलं. म्हणालो, "आधीच अर्ध्या फ्रेम काढल्यात, आता आणखी काहीतरी काढावं लागेल."

आत्यानं कप खाली ठेवला.

"अर्ध्या म्हणजे कुठल्या?" काकांनी विचारलं.

"एक सोडून एक."

"मी कुठल्यात आहे? ठेवलेल्यात की काढलेल्यात?"

"दोन्हींत आहात काका, तुम्ही पूर्ण वेळ ओरडताय."

"म्हणजे काढता येतं," भावोजी हळूच म्हणाले. हे त्यांनी दिव्याकडे बघत म्हटलं, पण घरातल्या प्रत्येकाला ऐकू गेलं.

सोमवारी सकाळी दुकान उघडलं तर बाहेर काका उभे. काकांना मी आजवर कुणाच्याही दारात वाट बघत उभं राहिलेलं पाहिलेलं नाही. आत आले, स्टुलावर बसले, आणि एक सुटा झालेला कीबोर्ड उगाच हातात घेऊन म्हणाले, "हे बघ इंजिनियर. वळणावर मी 'उचला' म्हणालोय. म्हणायचं होतं 'टेकवा'. तोंडातून 'उचला' निघालं. तुझ्या बापानं उचललं. तेवढं एक 'उचला' काढून टाक."

"आईला बघायचंय ते काका. तुमच्या गोदामातला कुणी बघणार नाही."

"वहिनी बघणार म्हणूनच सांगतोय, गाढवा."

ते गेले आणि अर्ध्या तासात भावोजी आले. आधी इकडचं तिकडचं. मग, "मेव्हणे, तेरा मिनिटांच्या आसपास मी फोन घेतलाय. हात सोडून. ऑफिसचा होता हो. म्हणजे तेव्हा वाटलं ऑफिसचा आहे. तर तो भाग जरा… हिला सांगू नका."

हिला म्हणजे माझ्या ताईला. ताईनं तो व्हिडिओ चाळीस वेळा पाहिलाय, पण वळणापर्यंतच; पुढे तिला बघवत नाही. मी भावोजींना मान हलवली.

आत्या दुपारी आली. आत्याचं प्रकरण सगळ्यांत जड होतं. कपाट चढवण्याआधी ती शपथेवर म्हणाली होती की आतून रिकामं आहे. वळणावर कपाट तिरकं झालं तेव्हा दार उघडलं आणि आतून आतोबांची व्यायामाची लोखंडी वजनं घरंगळत बाहेर आली. आतोबांनी त्या वजनांना लग्नानंतर बोट लावलेलं नाही. चाळीस किलो लोखंड माझ्या बापाच्या खांद्यावर होतं, आणि आत्या वरून ओरडत होती, "अरे रिकामं कपाट उचलता येईना तुम्हाला?"

"मला खरंच माहीत नव्हतं रे," ती म्हणाली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "ती वजनं काढ. हवं तर कपाट पण काढ. नुसता दादा ठेव."

"तू काढ म्हणतेस, मग दादा जिन्यावर एकटा काय करतोय ते लोकांना काय सांगू?"

"सांग चढतोय म्हणून."

मला संताप आला होता. आईकडे तीन दिवस, आणि ही माणसं माझ्यापुढे स्वतःची धुणी धुवायला रांग लावून बसलेली. म्हटलं, घ्या. घ्या तुम्हाला काय हवंय ते. आवाज बंद ठेवून, नुसतं चित्र बघत मी सगळ्यांच्या मागण्या मान्य केल्या. काकांचं 'उचला' कापलं, भावोजींचा फोन कापला, वजनं कापली, आत्याचं ओरडणं कापलं. कापून संपेना तेव्हा चित्राच्या वरच्या आणि खालच्या कडा छाटल्या. अण्णांनी त्या दिवशी प्रत्येकाला नाव घेऊन शिव्या दिल्या होत्या, त्यामुळे प्रत्येकाच्या कापण्यात अण्णाही थोडे थोडे जात गेले. शेवटी एक्कावन्न सेकंद उरली. त्यात एक दोन दारांचं कपाट, कुणाचाही हात न लागता, जिना चढून तिसऱ्या मजल्यावर जातं आणि दारात उभं राहतं. दमलेलंही दिसत नाही.

मला वाटलं हे बघून लाजतील. मंगळवारी सकाळी आत्याच्या टीव्हीवर लावलं. एक्कावन्न सेकंद कुणी हललं नाही. मग काकांनी टाळी वाजवली.

"याला म्हणतात काम! बघा, कुठे अडकलं का?"

"किती स्मूथ," भावोजी म्हणाले.

"असंच चढलं होतं खरं तर," आत्या म्हणाली, आणि डोळे पुसले. देवाशप्पथ, डोळे पुसले.

आई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती. तिला त्या टीव्हीवर काहीच दिसत नव्हतं. तिनं विचारलं, "हे कुठे आहेत?"

टाळी थांबली.

"वहिनी, स्मूथ चाललंय ना पण?" काका म्हणाले.

"अहो चालतंय ते ऐकलं मी. हे कुठे आहेत ते विचारतेय."

मी पेन ड्राइव्ह काढला आणि खाली आलो. मला जिंकल्यासारखं वाटत होतं. दुपारी आई भिंत धरत, एकेक पायरी पायानं चाचपत माझ्या खोलीत आली. तिनं डबी टेबलावर ठेवली.

"तू शनिवारी टाकलेला तो पूर्णवाला अजून आहे यात. अडकतो तिथपर्यंत मी रोज बघते. त्याला आवाज का नाही?"

"डबीत मावत नाही. आवाजानं फाइल जड होते."

"हिच्यात दोनशे गाणी आहेत. ती मावली."

मी डबीची काच पुसायला घेतली. खरं कारण आता सांगतो. आवाजाला जागा लागते ती चमचाभर. आवाज काढून फाइल हलकी होत नाही, हे मला झोपेतही माहीत आहे. मी आवाज काढला कारण त्यात अण्णा मला हाक मारतात. कपाट वळणावर येण्याआधी तीनदा. पहिली हाक साधी. दुसरी जरा मोठी. तिसऱ्या हाकेत त्यांचा दम लागलेला ऐकू येतो. जिन्याखाली, त्यांच्या पायांच्या बरोब्बर खाली, मी कानाला हेडफोन लावून कुणाचा तरी फोन उघडून बसलो होतो. शनिवारी फाइल बदलताना मी तिसऱ्या हाकेपर्यंत ऐकलं आणि आवाजाच्या खिडकीतली खूण काढून टाकली. एक क्लिक. काकांना निदान दारात उभं राहून मागावं तरी लागलं. मला कुणाकडे मागायची गरज नव्हती, कात्री माझ्याच हातात.

हे सगळं मी आईला सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, "त्यात ते मला बोलावतात."

"माहीत आहे. मी तिथे उभी होते," आई म्हणाली. "पुढचं ऐकलंस?"

"नाही."

"मग ऐक. आणि आवाजासकट दे मला." ती उठली, दारापाशी थांबली. "तू आला नाहीस याचा राग दोन दिवस होता. नंतर मी तुझी आभारी झाले. ऐक म्हणजे कळेल."

ती गेल्यावर मी मूळ फाइल लावली. पूर्ण आवाजासकट. पहिली हाक. दुसरी. तिसरी. मग काकांचं 'उचला'. मग दार उघडल्याचा करकर आवाज, आणि लोखंड पायऱ्यांवरून खाली यायला लागलं. धाड. धाड. धाड. एक वजन बाकीच्यांपेक्षा लांब गेलं. तळमजल्यापर्यंत. चौदा मिनिटं चार सेकंदांवर ते माझ्या दारावर येऊन आदळलं.

आणि आतून माझा आवाज आला, स्वच्छ, कंटाळलेला: "जेवणाची वेळ आहे! चारनंतर या!"

मग चित्र हलायला लागलं. जिना, भिंत, कपाट, काकांचे पाय, सगळं गदागदा. आमच्या घरात आजवर सगळे म्हणत आले की वळणावर वहिनी घाबरली, तिचे हात थरथरले. मी हेडफोन कानावर दाबले. आई हसत होती. तोंड दाबून, श्वास कोंडून, हातातला मोबाइल पार नाचवत. आणि त्या थरथरत्या चित्राच्या खालच्या कोपऱ्यात अण्णा होते. कपाट खांद्यावर, मान वाकडी, चेहरा लालभडक. त्यांचे खांदे हलत होते. काका दोन वर्षं सांगतायत की वजनानं हलत होते. त्यांनी कॅमेऱ्याकडे बघितलं, म्हणजे आईकडे, आणि म्हणाले, "चारनंतर या म्हणतोय गं. तोवर धरून उभं राहायचं का?" पुढचं त्यांना बोलता आलं नाही. सहा मिनिटं कपाट हललं नाही याचं कारण काकांचं 'उचला' नव्हतं, भावोजींचा फोनही नव्हता. खालचा माणूस हसत होता आणि त्याच्या अंगात उचलायची ताकद उरली नव्हती.

डबी का अडकत होती तेही तेव्हाच कळलं. चित्र स्थिर असलं की फाइलीत थोडंच लिहावं लागतं, कारण मागच्या फ्रेममधलंच पुढे चालू राहतं. सगळं चित्र एकदम हललं की सगळंच नव्यानं लिहावं लागतं. आई हसली तिथे फाइल एकदम जड झाली, आणि डबीला ते हसू झेपलं नाही.

यावर सोपा इलाज आहे. थरथर काढून टाकायची सोय माझ्याकडे आहे, एक खूण केली की झालं. कपाट डबीत अडकलं नसतं, पण आई दगडासारखी उभी होती असं वाटलं असतं. मी ती खूण केली नाही. चित्र आणखी लहान केलं, एका सेकंदात किती लिहायचं त्याला मर्यादा घातली, आणि आवाज परत जोडला, एका क्लिकमध्ये. हसण्याच्या जागी चित्राचे चौकोन पडले. अण्णांचं नाक तीन चौकोनांचं झालं. पण चालली. पंधराव्या मिनिटात गेली, सोळाव्यात गेली, बाविसाव्यात संपली.

बुधवारी दुपारी आईनं डबी चार बोटांवर धरली. मी समोर बसून तिचाच चेहरा बघत होतो. चौदाव्या मिनिटाला तिचे ओठ आवळले. माझा आवाज आला, चारनंतर या. तिचा हात हलायला लागला. आतलं चित्र हलत होतं, बाहेर डबी हलत होती, आणि ती नाक पुढे-मागे करत अण्णांचा पाठलाग करत होती.

"चाळीस वर्षांत हे असे अंग हलेपर्यंत तीनदा हसले," ती म्हणाली. "दोनदा माझ्यावर. हे तिसरं."

"काकांना सांगायचं का? ते दोन वर्षं…"

"उद्या सांगू. आज मला बघू दे."

गुरुवारी हॉस्पिटलच्या लांबलचक पॅसेजमध्ये सगळे हजर. आईला हिरवा झगा घालून चाकाच्या खाटेवर निजवलेलं. डॉक्टर येऊन सांगून गेले की ऑपरेशन जागेपणी आहे, अर्धा तास डोकं अजिबात हलता कामा नये, खोकला नाही, शिंक नाही. मी काकांना बाजूला घेतलं आणि डबी हातात दिली. भावोजी आणि आत्या दोन्ही खांद्यांवरून वाकले. तिघांनी एवढ्याशा काचेत बघितलं. अण्णांचे खांदे हलले. डबीतून अण्णा बोलले.

काकांनी दुसऱ्यांदा लावायला सांगितलं. मग तिसऱ्यांदा. मग त्यांचा चेहरा हळूहळू तापत गेला.

"म्हणजे तो हसत होता?"

"हो काका."

"आणि मी दोन वर्षं धड जेवलो नाही! ते 'उचला' माझ्या छातीवर घेऊन फिरलो! हसत होता? माझ्या कमरेचा काटा ढिला झाला वर, आणि हा खाली हसत होता?"

"मी त्या वजनांपायी नवऱ्याशी सहा महिने बोलले नाही," आत्या म्हणाली.

"मी तो फोन नंबरच बदलला," भावोजी म्हणाले.

एवढ्यात वॉर्डबॉयनं खाट ढकलली. ऑपरेशनच्या खोलीकडे जाताना पॅसेज काटकोनात वळतो. वळणावर कुणीतरी एक रिकामी व्हीलचेअर ठेवून गेलेलं. खाट अर्धी वळली आणि रुतली. पुढेही जाईना, मागेही येईना.

काकांनी डबी माझ्या हातात कोंबली आणि धावले. "थांबा! कुणी हात लावू नका! मी सांगेन तेव्हा!" भावोजींनी खालची बाजू धरली. आत्या मागून म्हणाली, "अरे, एवढीशी बाई आहे, रिकामीच समजा." काकांनी दोन्ही हात वर केले, मोठा श्वास घेतला, आणि साऱ्या पॅसेजला ऐकू जाईल असं ओरडले, "उचलाऽ!"

झग्यातून आधी एक बारीक आवाज आला. मग खाट हलायला लागली. आई हसत होती. वॉर्डबॉय घाबरून डॉक्टरांना बोलवायला पळाला. डॉक्टर आले, खाटेकडे बघितलं, आम्हा सगळ्यांकडे बघितलं. "यांचं हसणं थांबेपर्यंत मी डोळ्याला हात लावणार नाही. आणि हे तुम्ही सगळे नातेवाईक यांना दिसणार नाहीत अशा ठिकाणी उभे राहा."

"मला तसेही दिसत नाहीत डॉक्टर," आई धापा टाकत म्हणाली. "ऐकू येणार नाहीत अशा ठिकाणी ठेवा."

आम्हाला जिन्यात नेऊन उभं केलं. ऑपरेशन दोन तास उशिरा झालं. खाट अडकली तेव्हा मी मोबाइलवर व्हिडिओ काढला होता. ती फाइल अजून डबीत नीट चालत नाही. काका ओरडतात तिथे थिजते. माझाही हात हलला असणार. आईला अजून बदलून दिलेली नाही, ती मागतही नाही. परवा दुकानात आली, माझाच मोबाइल उचलला आणि त्यावरच बघितली. हात पूर्ण लांब करून धरला होता.